खुर्चीचा नवा हात

एकदा एका विद्यापीठाला आपले जुने सभागृह उतरवावे लागले. भिंतींना तडे गेले होते, तुळया वाळवीने पोखरल्या होत्या; इलाजच उरला नव्हता. पण तिथली माणसे उपकार विसरणारी नव्हती. त्यांनी तो ढिगारा लिलावात काढला नाही. कोरीव खांब, जिन्याचा कठडा, रंगीत तावदाने, विद्यार्थ्यांची बाके, सारे एका लांब पडवीत नीट रचले आणि एका वृद्ध सुताराच्या स्वाधीन केले.

त्या वृद्धापाशी एक तरुण शिष्य काम शिकत होता. हात कुशल, मन मात्र उतावीळ. एकट्याने काम करण्याची परवानगी गुरूने त्याला अजून दिली नव्हती आणि ती मिळावी हाच त्याला रात्रंदिवस ध्यास होता.

यथावकाश नवे सभागृह उभे राहिले. उद्घाटनाच्या दिवशी व्यासपीठावर जुनीच खुर्ची मांडायची असे ठरले. तिच्यावर बसून आचार्यांच्या कित्येक पिढ्यांनी शिकवले होते. पण इमारत उतरवताना तिचा डावा हात तुटून कुठे गाडला गेला, ते कळले नव्हते.

वृद्ध म्हणाला, “हा हात तू कर. मी मध्ये बोलणार नाही. जमला, तर यापुढची कामं तुझी तू करायची.”

शिष्याने जीव ओतला. उजव्या हातावर, जिथे आचार्यांचे तळवे टेकत, तिथे लाकूड झिजून खोलगट झाले होते. त्याने नव्या सागवानावर पटाशीने तशीच खोलगट जागा कोरली. तेल आणि काजळी चोळून रंग जुळवला. एकदोन ओरखडेसुद्धा काढले.

तेवढ्यात लाकडाचा एक व्यापारी पडवीत आला. खुर्चीभोवती फिरून त्याने विचारले, “यातला नवा हात कुठला रे? उजवा ना?”

“डावा, शेठ.” शिष्य हसला.

“काय सांगतोस! अरे, इथं भुशात कशाला लोळतोस? माझ्या वखारीत ये. तू नव्याच्या जुन्या खुर्च्या कर, मी विकतो. गिऱ्हाईक पणजोबांची म्हणून दिवाणखान्यात मांडेल!”

शिष्याला आनंद मावेना. त्याने मोठ्या आशेने गुरूकडे पाहिले. व्यापारी निघून गेल्यावर वृद्धाने तो नवा हात खुर्चीपासून सोडवला, बाकावर ठेवला आणि त्यावर रंधा चालवला. काजळी गेली, ओरखडे गेले, कोरलेली खोलगट जागाही गेली. उरली एक पातळ फिकट फळी.

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. “बाबा, मध्ये बोलणार नाही म्हणाला होतात!”

“बोललो कुठं?” वृद्ध म्हणाला. मग त्याने शिष्याला जवळ बसवले आणि त्याचा तळवा खुर्चीच्या जुन्या हातावर ठेवला.

“पोरा, तुझं कसब वाईट नाही. पण ही झीज कुणी कोरलेली नाही. शिकवता शिकवता कुणी अडलं असेल, तेव्हा तळवा इथं घासला असेल. कुणाला अवघड प्रश्न आला असेल, त्यानं इथं घट्ट धरलं असेल. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. ही खुर्ची घडवणाऱ्याचंही नाही. त्यांचे उपकार फेडायचे कसे? निदान त्यांची खूण तरी जपावी, म्हणून आपण इथं बसलोत. तू तिच्या शेजारी, कधी न बसलेल्या माणसांची झीज ठेवलीस. उद्या कुणी दोन्हींवरून हात फिरवला असता आणि दोन्हींचे सारखेच आभार मानले असते. मग खऱ्यांच्या वाट्याचे अर्धे आभार आपण चोरले की नाही? आणि जे अजून यायचे आहेत, त्यांच्या झिजेची जागाही तू आधीच भरून टाकलीस.”

शिष्य उठला आणि त्याने सागवानाचा नवा तुकडा काढला.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांत तो व्यापारीही होता. व्यासपीठाकडे नजर जाताच त्याने कडेला उभ्या शिष्याला टोमणा मारला, “एक हात काळा, एक पांढराफटक! काजळी संपली होय रे?”

“नाही शेठ,” शिष्य शांतपणे म्हणाला. “माझं काम झालंय. उरलेलं बसणाऱ्यांनी करायचं.”

मागे उभ्या असलेल्या वृद्धाने ते ऐकले. तो हळूच म्हणाला, “उद्यापासून जिन्याचा कठडा तू घे. मी बघायला येणार नाही.”

एवढ्यात एक तरुण अध्यापिका पहिले व्याख्यान देण्यासाठी खुर्चीवर येऊन बसल्या. त्यांचा उजवा तळवा आपोआप जुन्या खोलगट जागेत विसावला. डावा तळवा गुळगुळीत नव्या लाकडावर थोडा मागेपुढे झाला, आणि मग एका जागी टेकला.

शिष्याने मनोमन हात जोडले, खुर्चीच्या त्या उजव्या हातालाही आणि डाव्यालाही.