पाटीवरचं ‘नाही’

“पस्तीस झाले ना, सर? मग ‘पास का?’ विचारलं तर हा अजून ‘नाही’ का म्हणतो?”

केतकीनं लॅपटॉप दिवेकर सरांपुढे ढकलला. सर आमच्या शेजारचे. निवृत्त झाल्यापासून घरीच प्रोग्रामिंग शिकवतात. मी गेले होते दह्यासाठी. त्यांच्या खिडकीत ऊन येतं, म्हणून माझं विरजणाचं भांडं तिथेच असतं. जाण्यायेण्याला निमित्तही होतं.

“ओळी वाच,” सर म्हणाले.

“गुण तेहेतीस. मग गुण पस्तीस किंवा जास्त आहेत का, त्याचं उत्तर ‘पास’मध्ये साठवलं. मग दोन गुण वाढवले. शेवटी ‘पास’ छापलं. माझं सगळं बरोबर आहे. मशीनच बिघडलंय!”

“असेल...”

सरांनी भिंतीवरची पाटी काढून तिच्या हातात दिली. हल्ली विसरायला होतं, म्हणून ते सगळं पाटीवर लिहून ठेवतात.

“काकूंचं दही लागलं का?”

तिनं वाचलं. “दही लागलं... नाही.”

“आता भांडं बघ.”

तिच्या आधी मीच झाकण काढलं. माझंच दही, मला कुठला धीर! घट्ट, अगदी वडी पडेल असं.

“पाटी खोटं बोलली?” सरांनी विचारलं.

“नाही...” केतकी थांबली. “सकाळचं बोलली.”

...

तिनं ‘पास’ साठवायची ओळ उचलली, गुण वाढवल्याच्या खाली नेऊन ठेवली. चालवून पाहिलं.

‘हो.’

पोरगी काय गोड हसली! मग मला राहवेना.

“अगं, त्या कंपनीच्या परीक्षेचा फॉर्म भरलास का? तुझी आई म्हणत होती, उद्या शेवटची तारीख.”

हसू मावळलं. गेल्या वर्षी ती त्याच परीक्षेत नापास झाली होती. तेव्हापासून रोज दुपारी सरांकडे येते, एक दिवस चुकवला नाही. मी बघते ना.

“नाही भरणार, काकू.”

“का गं?”

“मला नाही जमत ते.”

“सर, तुम्ही तरी सांगा हिला!”

सर ओल्या फडक्यानं पाटी पुसत होते. सावकाश, कोपऱ्यांपर्यंत...

“केतकी, हे उत्तर कधीचं?”