भीमाची अडकलेली गदा

कोकणातल्या एका तालुक्यात मोबाईल इतके वाढले, की संध्याकाळी इंटरनेट रांगायला लागायचं. हवेतल्या लहरी मोजक्याच, आणि त्यांचा मोठा पट्टा भार्गवराव नेरुरकरांच्या टीव्ही वाहिनीकडे. त्यातला निम्मा मोबाईलला द्यावा का, याची जाहीर सुनावणी अधिकारी मृदुला केळुसकरांपुढे लागली.

भार्गवराव हॉलभर माणसं घेऊनच आले. "मॅडम, लहरींना हात लावलात तर तालुका पेटेल! काय रे, कालचा आपल्या वाहिनीवरचा दशावतार कोणी कोणी पाहिला?"

झाडून सगळे हात वर. मृदुलाबाई म्हणाल्या, "छान! आता ज्यांनी मोबाईलवर पाहिला, त्यांनी हात खाली घ्या."

भराभर सगळे हात खाली आले. मागून एक म्हातारा करवादला, "पाहिला खंय, बाई? भीमान गदा उचलल्यान नि मोबाईलार चकरी फिराक लागली. गदा अजून वरच आसा!"

हॉल खदखदून हसला. मृदुलाबाई भार्गवरावांकडे वळल्या.

"भार्गवराव," त्या म्हणाल्या, "निम्मा पट्टा सोडा. तुमच्याच भीमाची गदा खाली येऊ दे. तालुका पेटलाच, तर ती वर अडकून राहिली म्हणून पेटेल!"