सक्सिंक्ट पाटील

एका गावात एक दवंडीवाला होता. आवाज खणखणीत, पण नमनालाच घडाभर तेल! "ऐका हो ऐका! गावाचे आधारस्तंभ, दानशूर, पंचक्रोशीचे भूषण पाटीलसाहेब यांच्या आज्ञेवरून..." इथवर येईपर्यंत निम्मे गाव आपल्या कामाला लागलेले असायचे. तो तरी काय करणार? पाटलांची ताकीदच होती, आधी नाव, मग निरोप. एक जरी बिरूद गळले, तर डफडे काढून घेणार. आणि त्या डफड्यावरच त्याचे पोट होते.

एकदा शाळेतल्या नव्या बाई हसून म्हणाल्या, "दादा, दवंडी कशी सक्सिंक्ट हवी!"

इंग्रजी शब्द! गड्याला वाटले, मोठ्या मानाचे बिरूद असणार. दुसऱ्याच दिवशी चावडीपुढे गजर झाला, "पंचक्रोशीचे भूषण, सक्सिंक्ट पाटीलसाहेब..." पाटलांनीही खुशीत मिशीला पीळ दिला. बाईंनी मात्र कपाळावर हात मारला.

"अहो दादा, सक्सिंक्ट म्हणजे थोडक्यात, पण नेमकं. तुम्ही तर उलट एक शब्द वाढवलात!"

दवंडीवाला पार ओशाळला.

पुढच्या बाजारी नदीच्या कोरड्या पात्रात ही गर्दी. खुद्द पाटील वांग्यांसाठी घासाघीस करत होते. इतक्यात वरून एक गुराखी धापा टाकत आला आणि दवंडीवाल्याला कसेबसे म्हणाला, "तळ्याचा बांध... फुटला!"

दवंडीवाल्याने डफडे बडवले. सवयीने जिभेवर आले, "गावाचे आधार..." आणि तो थबकला. समोर पाटील उभे होते, त्यांच्यामागे लेकुरवाळ्या बाया. गेले डफडे तर गेले!

"पाणी आलं! टेकडीवर पळा!"

बस्स, एवढेच. सगळा बाजार जिवाच्या आकांताने पळाला. शेवटची म्हातारी वर पोचते न पोचते तोच पाण्याचा लोंढा पालांसकट सगळे घेऊन गेला. माणूस मात्र एकही गेले नाही. टेकडीवर एकच जल्लोष झाला, लोकांनी दवंडीवाल्याला खांद्यावर घेतले.

पाटील धापा टाकत म्हणाले, "माझं नाव का नाही घेतलंस रे?"

"पाटील, नाव घेत बसलो असतो, तर तुमचं नुसतं नावच उरलं असतं."

सगळ्यांनी पाटलांकडे पाहिले. मग पाटीलच खो खो हसत सुटले.

तात्पर्य: मानपान मागाहूनही करता येतो, कामाची गोष्ट आधी सांगावी, आणि थोडक्यात सांगावी.