हाकनाईकाची धोंड

ही खिंडीच्या तोंडावरची धोंड पाहिलीत? वरून झिजून पाटासारखी झालीय. हिला हाकेची धोंड म्हणतात. या वाटेनं वर आलेलं माणूस हिच्यापाशी थांबून 'पोचलो गा' म्हणतं, आणि खाली उतरलेलं माणूस पायथ्याच्या उंबराखालून वर तोंड करून तेच ओरडतं. तुम्ही मघाशी वर आलात आणि धापा टाकत गप बसलात. असू दे, आधी पाणी प्या. मी गभाजी लांघी, गुरं राखतो. तुम्ही विचारलंत ते मलाच ठाऊक असायचं, बाकीची माणसं पुण्या-मुंबईला गेली.

तर वडिलांच्या कार्याला तुम्ही त्र्यंबकला गेलात, आणि उपाध्यायांच्या वहीत तुमच्या मूळपुरुषाचं नाव निघालं, खेमा डामसे, हाकनाईक. नाईक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं घोडा आला असेल, तलवार आली असेल. कल्याणात चार जणांना सांगूनही झालं असेल. अहो, नाईक खरा, पण हाताखाली कोण? कुणी नाही. एक घोंगडी आणि एक गळा. गावानं त्याला धान्य द्यायचं आणि त्यानं धुक्यात हाक घालायची, एवढीच त्याची नाईकी.

म्हणे तेव्हा मीठ, तांदूळ सगळं बैलांच्या पाठीवरून याच वाटेनं जायचं. वाटेच्या एका अंगाला कडा, तो बघितलातच. भादव्यात धुकं उतरलं की आपला हात आपल्याला दिसत नाही. मग खेमा या धोंडेवर बसून हाक घालत राहायचा. चढणाऱ्यानं हाक समोर ठेवायची, उतरणाऱ्यानं पाठीशी, की पाय कड्याकडं जात नाही. माणसं सुखरूप निघून जायची, पण पोचल्याचं कळवायची रीत तेव्हा नव्हती. गरज सरो, वैद्य मरो. हा आपला धुकं फाटेपर्यंत ओरडत बसायचा, वाटेवर कुणी आहे की नाही हेही त्याला कळायचं नाही. बायको आधीच गेलेली. फार एकटं काम हो ते. मला कुणी दिलं असतं तर मी घेतलं नसतं.

त्याला एकच मुलगा, सोमा. आपल्यामागं यानं धोंडेवर बसावं अशी खेमाची इच्छा. सोमाला ते नको होतं. ज्यांची तोंडं दिसत नाहीत, जी वळून बघत नाहीत, त्यांच्यासाठी जन्म घालवायचा का, म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. शब्दानं शब्द वाढला आणि सोमा भर धुक्यात घाट उतरायला लागला, कायमचा.

बाप काय करणार? मागं धावला तर हाक कोण घालणार? भांडण गेलं चुलीत, तो धोंडेवर चढला आणि ओरडायला लागला. पोरगं तीच हाक पाठीशी धरून खाली उतरलं, बरं का. पाय घसरला नाही. पण पोचल्यावर एक आवाज द्यावा, तो काही दिला नाही. रागच तसला. उंबराखाली बसून नुसता ऐकत राहिला.

आणि नेमकं तेव्हाच धुकं फाटेना. दिवस मावळला, दुसरा उजाडला, तरी हाक चालूच होती, असं सांगतात. गावच्या बायांनी भाकरी आणली, तिला त्यानं हात लावला नाही. पोरगा वाटेवरच असला आणि आपण घास गिळायला थांबलो तर? आधी गळ्यातून रक्त आलं, मग आवाजच गेला. ओठ तेवढे हलत होते.

खालून मिठाचा तांडा येत होता. हाक बंद पडली तशी ती माणसं बैलांच्या शेपट्या धरून कशीबशी वर आली. त्यांच्यातला एक म्हातारा खेमाजवळ बसला, त्याच्या तोंडाला कान लावला.

"माझा सोमा पोचला का?"

"पोचलाय, नाईक. उंबराखाली बसलाय. आमच्यातली भाकर खाल्ली त्यानं."

"मग बरं," खेमा म्हणाला, आणि तिथंच आडवा झाला. तो उठलाच नाही.

सोमाला कळलं, पण तोंड दाखवायला तो वर आला नाही. तिकडंच राहिला, पुढं कल्याणला सरकला. तुमचं घर त्याचं. त्र्यंबकला जाऊन बापाच्या नावापुढं हाकनाईक हे काम त्यानंच सांगून लिहवून घेतलं म्हणे. स्वतःच्या नावापुढं काही लिहू दिलं नाही. तिथं कोरं आहे, हे तुम्हीच मला सांगितलंत.

मग गावानं ही रीत घातली. आता डांबरी सडक पलीकडून गेली, धुक्यात हाक घालायला कुणी बसत नाही, आणि या वाटेला आठवड्यात एखादं माणूस दिसलं तर दिसलं. पण आजही जे येतं ते हाक दिल्याशिवाय पुढं जात नाही. परकी माणसं देतात, पाठीवर पिशव्या लावलेली शहरातली पोरं देतात. त्याच्या घरची हाक तेवढी अजून आलेली नाही.

पाणी पिऊन झालं ना? मग उठा. लाजू नका, मी गुरांकडं तोंड करून उभा राहतो. मोठ्यानं म्हणा, आणि सोमाच्या वाटचंही म्हणा.