मृणालकडची मोठी डिस्क

"...पण मग बुवा, नवी एकच मोठी घेऊ, का जुन्या दोन?"

बुवा मठाच्या ओसरीवर पावटे सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय घेतोस?"

"डिस्क. तुमची प्रवचनं साठवायला."

"होती ना एक? मागच्या खेपेला दाखवायला आणली होतीस."

"ती लहान आहे."

"भरली?"



"नाही. अर्धी रिकामी आहे."

खांबाशी तांदूळ निवडणारी शेवंतामावशी फिसकन हसली. मठाचा स्वयंपाक तीच करायची, आणि मठातल्या कुठल्याही बोलण्यात तोंड घालायचा हक्क तिने केव्हाच मिळवला होता.

"रिकामी असताना मोठी कशाला रं? चुलीला दोन तोंडं असली म्हणून भात दुप्पट होत न्हाई."

विहंगने तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

विहंग इंगवले परदेशात शिकला, तिथे दोन वर्षं नोकरी केली आणि एक दिवस सगळं सोडून गावी परत आला. गावातल्या माणसाला चांगलं ऐकायचं असेल तर त्याने दर महिन्याला कुठल्या तरी कंपनीला पैसे का भरावेत, असं त्याचं म्हणणं होतं. बुवांचा आवाज गावाचा आहे, तो गावातच राहावा आणि ज्याला हवा त्याला फुकट मिळावा. म्हणून त्याने घरी सर्व्हर उभा केला होता. सर्व्हर म्हणजे काय, तर एक जुना कॉम्प्युटर आणि त्यात एक डिस्क. गावातल्या कुणीही मोबाइल किंवा टीव्ही त्याला जोडावा आणि बुवांचं हवं ते प्रवचन लावावं.

अडचण एवढीच की तसाच सर्व्हर मृणाल खोतनेही केला होता.

मृणालचं खाली बाजारात औषधांचं दुकान. मठातल्या कॅसेटींची ट्रंक आधी विहंगने नेली, त्याचं काम झाल्यावर तिने. कॅसेटी त्याच, बुवा तेच. पण गाव ऐकत होतं ते मृणालकडचं.

"माझी आईसुद्धा तिच्याकडचंच लावते," तो म्हणाला. "मी शेजारच्या खोलीत बसलेला असतो, आणि ती तिच्याकडचं लावते."

"विचारलंस का, असं का?"

"म्हणाली, तिच्याकडचं बरं वाटतं."

बुवांनी एक किडका पावटा अंगणात टाकला.

"मग?"

"मग आज सकाळी मी मृणालकडे गेलो. म्हटलं, तुझ्याकडचं सगळं मला दे. वाटलं, कारणं सांगेल. तिने लगेच दिलं." हे सांगताना त्याचा चेहरा असा झाला, जणू तिने नकार दिला असता तर फार बरं झालं असतं. "डिस्क काढली, कागदात गुंडाळली, हातात ठेवली. वर चहाही दिला. एका बंद पडलेल्या ऑफिसातल्या सीसीटीव्हीच्या दोन जुन्या डिस्क तिने स्वस्तात उचलल्यात. एकीवर जे आहे तेच दुसरीवर ठेवते. एक गेली तरी दुसरी हाताशी."

"चांगलं केलं की."

"चांगलंच केलंय. मीही तेच करणार होतो." तो पुढे सरकला. "पण बुवा, तिच्या पडद्यावर आकडा पाहिला. तिच्याकडचा साठा माझ्यापेक्षा मोठा आहे. थोडाथोडका नाही, चांगला दीडपट."

"असेल."

"असेल कसा? ट्रंक एकच होती. मग तिच्याकडे जास्त आलं कुठून?"

बुवा पावटे सोलत राहिले...

"तुम्ही तिला वेगळं काही दिलंत," विहंग म्हणाला. "वेगळ्या कॅसेटी. जे आम्हाला सांगितलं नाही ते."

मावशीचा सुपातला हात थांबला.

"उघडून बघितलंस?" बुवांनी विचारलं.

"नाही."

"का?"

विहंगने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"सकाळपासून डिस्क तुझ्या पिशवीत आहे. मठाची चढण तू ती घेऊनच चढून आलास. किती जड आहे ते बघितलंस, आत काय आहे ते बघितलं नाहीस."

"तुम्ही तिला काय सांगितलंत ते मला ऐकायचं नाही," विहंग म्हणाला. "मला फक्त तिच्याहून मोठी डिस्क हवी आहे. आणि ते जे काही आहे ते माझ्याकडे यायला हवं, तुमच्या हातून."

बुवांनी पावट्यांचं ताट बाजूला केलं.

"आधी तुझ्याकडचं ऐकव बघू. मी अजून ऐकलंच नाही."

विहंगने लॅपटॉप काढला, आपली डिस्क जोडली आणि एक प्रवचन लावलं. बुवांचा आवाज ओसरीभर झाला. स्वच्छ होता, कुठे खरखर नाही. एक वाक्य संपायच्या आत दुसरं, दुसऱ्याच्या अंगावर तिसरं.

बुवा कान देऊन ऐकत होते. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"कुणीतरी पाणी द्या रे या माणसाला."

"मागं कुत्रं लागल्यागत बोलतोय," मावशी म्हणाली.

विहंगने प्रवचन थांबवलं.

"मधल्या रिकाम्या जागा काढल्यात," तो म्हणाला. त्याला जरा अभिमानच होता त्याचा. "जिथे कुणी बोलत नाही, त्या. प्रोग्राम आपोआप शोधतो आणि कापतो. बुवा, कुणी बोलो न बोलो, डिस्कवर जागा तेवढीच अडते. गप्प बसलेला तास आणि बोललेला तास, दोन्हींचा खर्च सारखाच. म्हणून मला लहान डिस्क पुरली. नाहीतर परवडलीच नसती."

"पुष्कळ निघालं का कापून?"

"पुष्कळ. तुम्ही फार थांबता, बुवा."

...

"तिची लाव," बुवा म्हणाले.

"नको."

"लाव रे."

"नको म्हटलं ना." विहंग एकदम उसळला. "मला माहीत आहे त्यात काय असणार. ती तुमची पहिल्यापासूनच जवळची. बारावीनंतर ती मुंबईला निघाली, तुम्हाला विचारायला आली. तुम्ही तिला थांब म्हणालात. तुम्हाला ती इथे हवी होती. मी निघालो तेव्हा..."

"तेव्हा काय?"

"जा म्हणालात."

"तीही इथंच बसून भांडून गेली होती," बुवा म्हणाले. "म्हणाली, त्याला जा म्हणालात आणि मला नाही."

विहंगने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो डिस्कमध्ये काहीतरी शोधत होता.

"आहे माझ्याकडे. ती संध्याकाळ आहे. त्या दिवशीही टेप चालू होता. इतकी वर्षं मला वाटायचं, आपल्यालाच चुकीचं आठवत असेल. गेल्या महिन्यात पुन्हा ऐकलं. तुम्हीच ऐका."

त्याने बटण दाबलं.

एका कोवळ्या पोराचा आवाज आला. *बुवा, मी जाऊ का?*

*जा.*

विहंगने पुन्हा लावलं.

*बुवा, मी जाऊ का?* *जा.*

"ऐकलंत? श्वास घेण्याइतकाही वेळ नाही. दारावर आलेल्या फेरीवाल्याला सांगावं तसं. तिला थांब म्हणताना किती वेळ लागला होता तुम्हाला?"

मावशीने बुवांकडे पाहिलं. बुवा अंगणाकडे बघत होते.

"तीच संध्याकाळ," ते हळूच म्हणाले, "तिच्याकडची लाव."

या वेळी विहंगने वाद घातला नाही. मृणालची डिस्क कागदातून काढली. तिने प्रत्येक संध्याकाळ वेगळी लावून वर दिवस आणि महिना लिहिला होता, त्यामुळे शोधावं लागलं नाही.

आधी खरखर आली. तिने तीसुद्धा ठेवली होती.

*बुवा, मी जाऊ का?*

आणि मग काही नाही.

विहंगने पडद्याकडे पाहिलं. रेकॉर्डिंग चालूच होतं.

...

टेपची घरघर. लांब कुठेतरी म्हशीच्या गळ्यातली घंटा. कुणीतरी भांडं खाली ठेवलं, अगदी अलगद, आवाज होऊ नये म्हणून. मावशीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

...

कुणीतरी घसा खाकरला. बोलायला म्हणून खाकरावा तसा. पण बोललं नाही.

...

पुन्हा एकदा खाकरला.

...

आणि या सगळ्यात एक बारीक आवाज सारखा येत होता. चर्र, थांबे. चर्र, थांबे. कसला आहे ते विहंगला आधी कळेना. मग कळलं. प्रवासी पिशवीची चेन. मांडीवर पिशवी घेऊन कुणीतरी ती उघडत होतं, लावत होतं, उघडत होतं. निघायची घाई झालेल्या माणसाने उघडावी-लावावी तशी.

पिशवी निळी होती. नवीन होती. ती त्याला लख्ख आठवली.

बाकीचं काहीच आठवत नव्हतं.

...

घरघर चालूच होती. इतका वेळ कुणी एका शब्दासाठी थांबू शकतं, हे त्याला खरं वाटेना. त्याने बुवांकडे पाहिलं. बुवांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. आताही नव्हता, तेव्हाही नव्हता.

...

*जा.*

शब्द तोच होता. पण तो कुठूनतरी फार लांबून चालत आला होता.

लगेच खसफस झाली. कुणीतरी उठलं, वाकलं असावं, पाया पडलं असावं, आणि धावतच पायऱ्या उतरून गेलं. पावलं लहान होत होत संपली.

मग पुन्हा नुसती घरघर.

विहंगला समोरचं नीट दिसेनासं झालं होतं. त्याने मनगटाने डोळे पुसले आणि लॅपटॉपवरचं बटण चाचपलं.

बुवांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे. माझं बोलणं अजून संपलेलं नाही."