धन्याची मूद

फार पूर्वी गोदावरीच्या काठी पोतननगरात अजपाल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका मातब्बर सामंताच्या घरी जन्माला आले. त्यांचे नाव सुषेण. बापाच्या मालकीची गावे किती, हे बापालाही नीट सांगता येत नसे, आणि घर एवढे मोठे की नवा पाहुणा अंगणातच वाट चुकायचा. पण ही गोष्ट त्या घरापेक्षा तिथल्या स्वयंपाकघराची आहे, आणि स्वयंपाकघर होते रोहक आचाऱ्याचे.

रोहक अंगाने आडवा, आवाजाने मोठा आणि मनाने अगदी मऊ. त्या घरातली एक जुनी रीत तो प्राणापलीकडे जपत असे. भाताचा हंडा चुलीवरून उतरला की वरची पहिली मूद धन्याच्या ताटात जायची. धनी पहिला घास घेऊन "बरं झालंय" म्हणायचे. तो निरोप स्वयंपाकघरात पोचला, की मगच हंड्यात दुसऱ्यांदा उलथणे पडायचे. तोवर पाहुणा असो की पहारेकरी, सगळ्यांनी थांबायचे. त्याचे कोणालाच काही वाटत नसे, कारण थांबणाऱ्यांच्या पोटात सकाळची भरपेट न्याहारी असे.

धाकटा सुषेण थांबायचा तो वेगळ्याच गोष्टीसाठी. सगळ्यांची जेवणे आटोपली की तो मागच्या दाराने हळूच चुलीपाशी यायचा. हंड्याच्या तळाला लागलेली, जराशी करपलेली भाताची खरवड त्याला जीव की प्राण होती. सामंताच्या मुलाने हंड्याचा तळ चाटावा, हे त्याच्या आईला मुळीच खपत नसे.

"रोहकदादा, आज जाड लागलीय का रे?"

"हळू बोला, धाकटे धनी! धनीणबाईंच्या कानावर गेलं तर माझी चूल विझेल."

असे म्हणत रोहक उलथण्याने हंडा खरवडायचा, तूप सोडायचा, वर मीठ भुरभुरायचा. मुलगा चुलीशेजारी मांडी घालून खायचा आणि तोंड काळे करून निघून जायचा. खरे सांगायचे तर रोहक कधी कधी मुद्दाम जाळ थोडा वाढवत असे, म्हणजे खरवड जाड धरेल.

पुढे सामंत वारले आणि सुषेण धनी झाले. आता पहिली मूद त्यांच्या ताटात जाऊ लागली. एका दुष्काळी वर्षी राजा त्यांच्याकडे जेवायला आला. मोठी मेजवानी झाली. दुपारी सुषेण सहज मागच्या कुंपणाकडे गेले, तर पलीकडे टाकलेल्या पत्रावळी माणसे उचलून चाटत होती. त्यांत म्हातारेकोतारे होते, लेकुरवाळ्या बायका होत्या. सुषेण तिथे बराच वेळ उभे राहिले. मग स्वयंपाकघरात येऊन चुलीशेजारच्या आपल्या जुन्या जागी बसले. रोहकाने आनंदाने हंडा खरवडायला घेतला, पण त्यांनी नको म्हणून मान हलवली.

थोड्याच दिवसांत त्यांनी राजाची परवानगी घेतली आणि गावे कसणाऱ्यांच्या नावे करून दिली. हत्तीखान्यात आजाऱ्यांसाठी खाटा पडल्या, वैद्य नेमले गेले. अंगणात अन्नछत्र सुरू झाले. निघताना ते रोहकाला म्हणाले, "दादा, चूल तुझीच आहे. आता जो दारात येईल त्याला वाढ." मग डोके मुंडून, भगवी वस्त्रे पांघरून ते नदीपलीकडच्या अर्जुनवृक्षांच्या राईत तपस्वी होऊन राहिले.

नगराने त्यांचा जयजयकार केला. रोहकाला मात्र करमेना. पूर्वीचाच हंडा, पूर्वीचाच जाळ, पण भात उतरला की त्याचे कान आतल्या दालनाकडे लागायचे आणि तिकडून काही ऐकू यायचे नाही. ज्या पाटावर धनी बसत, तिथे आता एक पांगळा कुंभार बसून औषध घेत असे. तो गरीब माणूस होता, त्याचा काय दोष? तरी रोहकाला त्याच्याकडे बघवत नसे.

शेवटी त्याला राहवले नाही. एका सकाळी भात उतरताच त्याने पहिली मूद झाकणाच्या तपेलीत घेतली, स्वयंपाकघराला कुलूप घातले आणि होडीने नदी ओलांडली.

बोधिसत्त्व त्याला बघून हसले. म्हणाले, "दादा, माझं एक व्रत आहे. सगळे जेवून उरलं असेल, तरच मी खातो."

रोहक जन्मात खोटे बोलला नव्हता. त्या दिवशी मात्र तो म्हणाला, "उरलेलंच आणलंय, धनी."

बोधिसत्त्वांनी पात्र पुढे केले. रोहकाने मूद घातली. घास घेऊन ते म्हणाले, "तुझे उपकार आहेत, दादा." हे ऐकून रोहकाचा जीव थोडा थोडा झाला. त्याला दोनच शब्द हवे होते, ते काही आले नाहीत. उद्या येतील, असे म्हणून तो परत गेला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

मग हा रोजचाच परिपाठ झाला. भात उतरायचा, कुलूप लागायचे, रोहक नदीपार जायचा. धन्याचे खाणे झाले की परत येऊन कुलूप काढायचा आणि मगच अंगणातल्या पंगतीला वाढायचा. पंगत उन्हात बसून असायची. फुकट जेवणारा माणूस तोंड उघडत नाही. पाटला नावाची एक आंधळी म्हातारी तेवढी एकदा म्हणाली, "आचारी, वास येतोय रे भाताचा. अजून किती वेळ?"

"धनी जेवल्याशिवाय कसं वाढू, आजी?" रोहक समजुतीने म्हणाला. आपण काही वावगे करतोय हे त्याच्या मनालाही शिवले नाही. धन्याआधी जेवायचे नसते, हेच तो लहानपणापासून शिकला होता.

पुढे एक दिवस खाता खाता बोधिसत्त्वांनी विचारले, "दादा, सगळे जेवले?"

"जेवले, धनी."

"मग रोज इतका मोकळा, पांढरा भात कसा उरतो? उरलेल्यात कधी खरवड कशी नसते?"

रोहक तपेलीचे झाकण चाचपू लागला. "खरवड... ती आजकाल लागत नाही, धनी. जाळ बेताचा ठेवतो."

बोधिसत्त्वांनी पात्र धुऊन उपडे ठेवले.

दुसऱ्या दिवशी रोहक राईत पोचला तर कुटी रिकामी. धनी नदीवर गेले असतील, म्हणून तो अर्जुनाखाली बसला. तपेलीवर हात ठेवून त्याला किती तरी गोष्टी आठवत राहिल्या. भोगीच्या दिवशी सगळे घर तिळाच्या वासाने भरून जायचे. धाकटे धनी गोवराने आजारी असताना त्याने दारामागे उभे राहून मुगाचे कढण पाठवले होते. काळ्या तोंडाने हसणारे ते पोर त्याला दिसत राहिले. त्याचे डोळे भरून आले. कुठे गेले ते सगळे, असे तो मोठ्याने म्हणाला, पण ऐकायला तिथे कोणी नव्हते. सूर्य माथ्यावर आला, कलला. मूद तशीच घेऊन परत जायचे त्याच्या जिवावर आले होते. पण शेवटी उठणे भागच होते.

अंगणात शिरताच तो जागीच थबकला. पंगत तशीच बसलेली होती. पंगतीच्या अगदी शेवटी, धुळीत, बोधिसत्त्व बसले होते. पाटला म्हातारीचे डोके त्यांच्या मांडीवर होते आणि ते वस्त्राच्या पदराने तिला वारा घालीत होते.

ते पहाटेच वरच्या बाजूच्या उथळ उताराने नदी ओलांडून आले होते. रोहक गेल्यावर पंगतीत बसून त्यांनी कुलूप बघितले, उन्हात वाट बघणारी तोंडे बघितली. मग पात्र घेऊन ते आपल्याच जुन्या गल्लीत दारोदार फिरले आणि मिळाले ते पंगतीतल्या लेकरांना वाटून टाकले. पाटलेने आपला घास घेतला नाही. "पोरांना दे, बाबा. आचारी येईलच आता," असे म्हणाली आणि बसल्या जागी कोसळली.

"रोहकदादा," बोधिसत्त्व म्हणाले, "ती तपेली इकडे आण."

रोहकाने ती पुढे केली. बोधिसत्त्वांनी त्या गार भातात पाणी घालून तो बोटांनी मऊ केला आणि म्हातारीच्या ओठांना लावला. बऱ्याच वेळाने तिने गिळले. मग दुसरा घास घेतला. मग तिचा आंधळा हात तपेलीकडे गेला.

रोहक त्यांच्या पायांवर पडला. "धनी, मला हाकलून द्या. मी पापी आहे. मी खोटं बोललो."

"ऊठ, दादा. चूक माझ्याकडूनच झाली," बोधिसत्त्व म्हणाले. "मी गावं दिली, हत्ती दिले, राहतं घर दिलं. पहिली मूद द्यायची तेवढी राहून गेली. ती माझ्या नावाने तशीच राहिली, आणि तुला माझ्यामागे ओढत राहिली. ती आज मी दिली. इथून पुढे ती पंगतीत जो सर्वांत थकलेला असेल, त्याची. आता कुलूप काढ. लोक भुकेले आहेत."

रोहकाने डोळे पुसून कुलूप काढले. त्या दिवशी त्याने जसे वाढले तसे जन्मात वाढले नव्हते. शेवटचा माणूस हात धुवायला उठला तेव्हा हंड्यात उलथणे खडखडले. उतरवून निखाऱ्यांवर ठेवलेल्या भाताने दिवसभरात तळाला चांगली जाड खरवड धरली होती.

बोधिसत्त्व चुलीशेजारी त्यांच्या जुन्या जागी येऊन बसले. रोहकाने खरवड काढली. तुपाकडे गेलेला हात त्याने मागे घेतला, आणि नुसते मीठ भुरभुरून पात्रात घातली. बोधिसत्त्वांनी घास घेतला, सावकाश चावला.

"बरं झालंय, दादा," ते म्हणाले.

रोहक चुलीकडे तोंड करून लहान मुलासारखा रडला. मग उरलेली खरवड त्याने आपल्या तळहातावर घेतली आणि धन्याशेजारी बसून खाल्ली. त्यानंतर तो पुन्हा नदीपार गेला नाही. जन्मभर तो भाताचा हंडा उतरला की पंगतीवरून नजर फिरवी, सर्वांत थकलेला चेहरा शोधी, पहिली मूद त्याला वाढी आणि तो काय म्हणतो ते ऐकायला थांबे.

ही कथा तथागत बुद्धांनी आपल्या भिक्षूंना सांगितली. समोर उत्तिय नावाचे वृद्ध भिक्षू मान खाली घालून बसले होते. त्या सकाळी, तथागतांनी आधी घेतल्याशिवाय पेज कोणाला द्यायची नाही, म्हणून उत्तियांनी एका आजारी भिक्षूला ताटकळत ठेवले होते.

तथागत म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा रोहक आचारी म्हणजे आजचे उत्तिय. आंधळी पाटला म्हणजे तो आजारी भिक्षू. आणि सुषेण म्हणजे मीच. हातातली वस्तू देणे हे दान खरेच, पण आपला पहिला मानही देऊन टाकणे, ही दानाची पारमिता, दानाची परिसीमा."

उत्तिय उठले. पेजेचे भांडे अजून कोमट होते. ते घेऊन ते आजाऱ्याच्या खाटेकडे निघाले.