सटवाजीबाबांचं दार

फार फार वर्षं झाली त्याला. वाकणगडाच्या तटावर आज नुसतं गवत हलतं, पण त्या काळी गडावर माणसं नांदत होती, चुली पेटत होत्या, आणि गडाला दार होतं. दोन दारं होती म्हणा ना. त्या दोन दारांपायीच सगळा घोटाळा झाला, असं म्हणतात.

गडाच्या पायथ्याला वाकणवाडी. तिथं सटवाजी पाथरवट राहायचा. तरुणपणी त्यानं बापाच्या हाताखाली गडाचा उगवतीकडचा दरवाजा बांधला. दोन बाजूंना दोन बुरूज आणि मधोमध दार. पुढं सटवाजी कर्ता झाला, तेव्हा किल्लेदाराला वाटलं, हे दार लांबूनच नजरेत भरतं, गनीम सरळ येऊन धडकेल. मग सटवाजीनं मावळतीला, कड्याच्या बेचक्यात, दुसरं दार बांधलं. अगदी जवळ गेलं तरी ते दिसायचं नाही. आणि जुनं दार त्यानं आपल्याच हातांनी दगडांनी चिणून टाकलं.

मग म्हातारपण आलं. बायको चिमा गेली, मुलगा गेला, आणि सटवाजीच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. जेवून हात धुतला की म्हणायचा, "मला कुणी जेवायला घातलं न्हाई." सुनेला, येसूला, विचारायचा, "तू कुणाची गं पोर?" येसू म्हणायची, "तुमचीच की, मामंजी." तेवढ्यानं त्याचं समाधान व्हायचं. पण जिथं असेल तिथून तो घरी जायला निघायचा. स्वतःच्या अंगणात बसूनही म्हणायचा, "चला, घरी जाऊ."

एके साली गनीम चालून आला. वाडी रिकामी झाली, सगळी माणसं गुरांसकट गडावर गेली. येसूनं सासऱ्यालाही हाताला धरून वर नेलं. पण त्या सकाळी गडावर असं धुकं उतरलं की शेजारचा माणूस दिसेना. शेवटचं जनावर आत घेईपर्यंत दार उघडं होतं. तेवढ्यात म्हातारा बाहेर पडला. कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

सटवाजी खाली वाडीत पोचला आणि घाबरला. चुली थंड, गोठे रिकामे, हाकेला ओ नाही. घर आपलं की दुसऱ्याचं? गेले कुठं सगळे? तो एका उंबऱ्यावर बसला आणि आपल्याच तळहातांकडे बघत राहिला.

गनिमाची माणसं आली ती तिथंच. त्यांच्या सरदारानं विचारलं, "म्हातारबा, गडाचं दार कुठं आहे?"

सटवाजीला हायसं वाटलं. कुणीतरी भेटलं. कामावरचेच गडी असतील. हातात पहारी दिसतायत.

"दार व्हय? चला की. म्या घरीच निघालोय." आणि एकाचा भाला हातात नीट बसवून देत म्हणाला, "पहार अशी धरत्यात व्हय रं? बोटं जातील."

सरदाराला कळेना, हा वेडा आहे की वस्ताद. पण वाट दाखवणारा दुसरा कुणी नव्हता. फौज म्हाताऱ्याच्या मागं निघाली.

सटवाजी पुढं चालत होता. पावलांना वाट ठाऊक होती, डोळ्यांना नव्हती. मधेच तो थबकायचा. "हे झाड हितं नव्हतं," म्हणायचा. मग वाटायचं, वर चिमा वाट बघत असेल, आणि पुन्हा पाय उचलायचा.

वाट दोन बुरुजांच्या मधे शिरली आणि संपली. समोर भिंत.

"दार कुठाय?" सरदार ओरडला.

"हितंच हाय," सटवाजी म्हणाला. त्यानं दगडांवरून हात फिरवला. टाकीचे घाव ओळखीचे होते, त्याचेच होते. मग दार कुठं गेलं? कुणी बुजवलं? त्याला रडूच कोसळलं. सरदारानं तलवार त्याच्या मानेला लावली, तर ती हातानं बाजूला सारून म्हातारा भिंतीवर थापा मारत राहिला. "चिमे, दार उघड गं! म्या आलोय!"

वर तटावर गडकरी मोठमोठ्या धोंड्यांना हात लावून तयार होते. येसूनं आवाज ओळखला. "थांबा! माझे मामंजी हायेत खाली!"

किल्लेदार म्हणाला, "पोरी, आत सगळी वाडी आहे. किती थांबू?"

येसू तटावरून वाकली आणि सासूच्या आवाजात, सासू हाक मारायची तशी ओरडली, "आले, आले! अडसर काढते. तुम्ही अगदी भिंतीला चिकटून उभे राहा बघू!"

सटवाजीचा चेहरा उजळला. त्यानं गाल दगडाला टेकवला. दगड उन्हातल्यासारखा उबदार होता. आतून अडसर सरकला, आणि भाकरी भाजल्याचा वास आला, असं म्हणतात.

मग वरून धोंडे सुटले. गनिमाला मागं फिरायलाही जागा नव्हती. जे वाचले ते धुक्यात वाट फुटेल तिकडे पळाले आणि पुन्हा आले नाहीत.

धुकं विरल्यावर येसू धावत खाली गेली. भिंतीला लागून माणूसभर जागा मोकळी होती. एक खडाही तिथं पडला नव्हता. पण सटवाजी नव्हता. कुणी म्हणालं, तो धुक्यात कड्यावरून गेला. कुणी म्हणालं, भिंतीनं त्याला आत घेतलं. येसूला विचारलं की म्हणायची, "मला ठाऊक न्हाई. अडसराचा आवाज मात्र म्या ऐकला."

तिनं त्याचं सुतक पाळलं नाही. त्या दिवसापासून तिनं घराला दिवसाउजेडी कधी कडी घातली नाही. तिचं बघून शेजारणीनं, मग सगळ्या वाडीनं.

अजूनही वाकणवाडीत दिवसा दाराला कडी नसते. घर विसरलेलं एखादं म्हातारं माणूस कुणाच्याही उंबऱ्यात येऊन उभं राहिलं, की त्याला कुणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. घरातली बाई आत वर्दी देते, "सटवाजीबाबा आले." मग आधी पाणी, मग ताट. जेवण होईस्तोवर कुणीतरी त्याचं घर शोधून येतं. आणि त्यानं निघताना विचारलंच, "हे घर कुणाचं?" तर वाडीत उत्तर एकच देतात.

"तुमचंच, बाबा."